मोठीआईचे धाबे

दारव्ह्याला मे महिन्यात जायचे म्हटले, की आमच्या घरात दोन तट पडतात. एका तटात मी आणि दुसऱ्या तटात बाकीचे सगळे. महाबळेश्वर आहे, माथेरान आहे, गेला बाजार पाचगणी आहे, आणि हा गृहस्थ यवतमाळ जिल्ह्यात निघाला आहे, तोही ऐन वैशाखात! निघताना सौभाग्यवतींनी पिशवीत चार कांदे घातले. कांदा जवळ असला म्हणजे ऊन लागत नाही, अशी समजूत आहे. मी हसलो, पण कांदे काढून ठेवले नाहीत.

यंदा जाणे टाळण्यासारखे नव्हते. धाकट्या चुलतभावाचा फोन आला होता. "दादा, मोठीआईला ऊन लागलं. बाहेर नाही, घरातच. दुपारी पलंगावर पडल्या पडल्या घेरी आली. डॉक्टर म्हणून राहिले, की टिनाखाली ठेवू नका. छप्परच बदलून टाकाचं म्हणतो. तू येऊन जा एकदा."

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी. आमच्याकडे थोरल्या काकूला मोठीआई आणि थोरल्या काकांना मोठेबाबा म्हणतात. नात्याचा केवढा तरी गुंता त्या एका शब्दाने सुटतो. तिचे वय शहाऐंशी. मोठेबाबा जाऊन बरीच वर्षे झाली. तिने पुण्याला यावे म्हणून मी चार वेळा घेऊन आलो, चारही वेळा ती पंधरा दिवसांत परतली. "तुमच्या घरात भिती लय, आन अंगन नाही," असा तिचा निकाल.

मूर्तिजापूरला गाडीतून उतरलो, की पूर्वी आमची शकुंतला उभी असे. अडीच फुटी रुळांवरची ही चिमुकली गाडी कारंजावरून दारव्ह्याला आणि पुढे लाडखेडवरून यवतमाळला जाई. एकशे तेरा किलोमीटरांचा तो फाटा किलिक निक्सन या विलायती कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर काढण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी घातला. गाडीची चाल अशी, की पुढच्या डब्यातल्या माणसाने उतरून निरोप सांगावा आणि मागच्या डब्यात चढावे. १९९४ च्या एप्रिलपर्यंत तिला मँचेस्टरचे वाफेचे इंजिन होते, नंतर डिझेलचे आले, आणि पुढे गाडीच थांबली. आता कारंजामार्गे एस.टी. गाठायची आणि खिडकीच्या तापलेल्या गजाला हात लागू न देता बसायचे. दोन्ही बाजूंना कापूस निघून गेलेली काळी रिकामी वावरे, जमिनीला वीतवीत भेगा, आणि मधूनच एखाद्या नाल्याकाठी आंब्याचे हिरवेगार झाड. दारव्ह्याचे मोतीबाग स्टेशन आले की माझे लक्ष अजूनही रुळांकडेच जाते.

गावात शिरताना मी छपरे पाहू लागलो. एरवी आपण माणसे पाहतो, दुकाने पाहतो, पण मनात एखादी गोष्ट घेऊन गेले की डोळ्यांना तीच दिसते. नव्या वस्तीत सगळीकडे स्लॅब आणि त्यावर पाण्याच्या काळ्या टाक्या. जुन्या भागात टिन, म्हणजे आपण पुण्यामुंबईकडचे ज्यांना पत्रे म्हणतो ते. मधूनच कवेलूंचे, म्हणजे कौलांचे एखादे छप्पर, तेही अर्धे उघडे. आणि धाबे मात्र शोधावे लागते.

धाबे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ज्याला माळवद म्हणतात, त्याचाच हा वऱ्हाडी भाऊ. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ टाकलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर कडुनिंबाचा पाला, आणि त्यावर फूटभर माती, तीही पांढरी. शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. पांढऱ्या मातीतून पाणी सहजी खाली झिरपत नाही. दर उन्हाळ्यात मृगाच्या आधी धाब्यावर नवी माती टाकून चोपायची, पन्हळी साफ करायच्या, उगवलेले गवत उपटायचे, हे काम घरातल्या पोरांचे. आम्ही सुटीत आलो की ते आमच्या वाट्याला येई. त्याच धाब्यावर संध्याकाळी पाणी शिंपडून अंथरुणे पडत, आणि मोठेबाबा तिथेच आम्हांला सप्तर्षी दाखवीत.

आमच्या घराला आता दोन छपरे आहेत. ओसरी, बैठक आणि मोठीआईची खोली यांवर टिन. मागच्या माजघरावर मात्र जुने धाबे. हे कसे झाले, त्यामागे एक रात्र आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेत गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मणामणांची माती, असली ती घरे होती. वर्तमानपत्रांतले फोटो मोठेबाबांनी पाहिले, मान वर करून आपले धाबे पाहिले, आणि त्या रात्रीपासून त्यांना घरात झोप येईना. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी धाबे उतरवायला काढले. समोरची बाजू मोकळी झाली, टिन चढले, तोवर मृग लागला. मजूर पेरणीला गेले, आणि माजघर तसेच राहिले. शकुंतलेचे वाफेचे इंजिन गेले त्याच वर्षाची ही गोष्ट. त्यांना मूर्ख म्हणण्याची आमच्यात कोणाची छाती नाही. फूटभर माती म्हणजे चौरस फुटाला पंचेचाळीस किलोच्या आसपास वजन. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार टन. आपल्या पोराबाळांच्या छातीवर साडेचार टन टांगलेले आहेत, हे एकदा मनात आले की माणूस काय करील?

पण मोठेबाबांना त्या वेळी कोणी दुसरे गणित सांगितले नाही.

मी पोचलो त्या दुपारी दोन वाजता मोठीआई माजघरात जमिनीवर, उशाखाली पाट घेऊन पडली होती. पलंग तिच्या खोलीत, आणि ती इथे. "दुपारी इथंच येतो म्या. तिकडं तवा हाय," ती म्हणाली. मी तिच्या खोलीत जाऊन स्टुलावर चढलो आणि टिनाखाली वीतभर अंतरावर तळहात धरला. फार वेळ धरवेना. कूलर घरघरत होता, वाळ्याचा वास येत होता, पण कूलरचा गारवा खालून येणार आणि वरून निखाऱ्याची धग येणार. मधल्या माणसाने करायचे काय? माजघरात येऊन कडीवर हात ठेवला, तर लाकूड नुसते कोमट. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक उंबरठा.

रात्री मात्र उलटा प्रकार. दहा वाजता टिनाची खोली निवली होती आणि माजघर घुसमटत होते. हे लहानपणापासून माहीत होते, म्हणून तर सगळे गच्चीवर किंवा अंगणात झोपत. पण त्यामागचे कारण समजून घ्यायला मला साठी ओलांडावी लागली. पत्र्याला उष्णता साठवायला जागाच नाही. सूर्य आला की तापतो, गेला की निवतो. फूटभर मातीतून उष्णता मुंगीच्या पावलाने उतरते. दुपारी वर पडलेले ऊन आठ-दहा तासांनी आतल्या बाजूला पोचते, आणि तेही पुष्कळसे दबून. तेव्हा माणसे धाब्याच्या खाली नसतातच, वर असतात! दिवसा धाब्याखाली आणि रात्री धाब्यावर, अशी ती सारी व्यवस्था होती. शहाऐंशी वर्षांच्या बाईला शिडी चढवत नाही, तिथे व्यवस्था मोडली.

चुलतभावाचे मत ठरलेले होते. "स्लॅब टाकू. एकदाचं काम होऊन जाते. पुढं वर दोन खोल्या निघते." घरातल्या बायकांचेही मत स्लॅबकडे. स्लॅब म्हणजे प्रतिष्ठा. मुलीचे लग्न ठरवताना पाहुणे आधी छताकडे पाहतात, हे खोटे नाही. मोठीआई एकटी म्हणे, "धाबंच टाका बाप्पा पहिल्यासारखं." तिच्या म्हणण्याकडे कोणी लक्ष देत नव्हते, मीही दिले नाही.

नोकरीत माझा सारा जन्म नियमांची पुस्तके चाळण्यात गेला. म्हटले, घराचे छप्पर बदलताना उष्णतेबद्दल सरकारचा काही नियम असेलच की! नगरपरिषदेत चौकशी केली. तिथल्या कारकुनाने आपुलकीने सांगितले, की आहे त्याच उंचीवर छप्पर नवे करणे ही दुरुस्ती. मजला चढवायचा तर परवानगी आणि नकाशा. उष्णतेचे विचारले तेव्हा तो हसला. "त्याले कूलर लावा लागते जी."

नियम आहे. शोधल्यावर सापडला. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ च्या डिसेंबरात 'इको निवास संहिता' काढली. राहत्या घरांच्या छपरातून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा तिच्यात घालून दिली. तिचे माप असे: छताच्या एक चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता पार जाते ते मोजायचे. हा आकडा १.२ च्या वर जाता कामा नये. मात्र ही संहिता पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामांपुरती, आणि राज्यांनी ती आपापल्या नियमांत आणायची. पैनगंगेपलीकडे तेलंगणाने २०२३ साली 'कूल रूफ' धोरण आणले, उष्णता परतवणारी छपरे काही इमारतींना सक्तीची केली. पण तिथेही राहत्या घरांना सक्ती सहाशे चौरस यार्डांपासून पुढे. आमची जागा त्याच्या निम्मीही नाही. म्हणजे ज्यांच्याकडे वातानुकूलनाची यंत्रे परवडतात त्यांच्या डोक्यावरच्या उन्हाची काळजी कायद्याने घेतली आहे, आणि टिनाखालच्या म्हातारीची तिच्या पुतण्याने घ्यायची आहे. ठीक आहे.

नियम लागू नसला तरी त्याचे माप तर वापरता येते! मी वही काढली. संहितेतल्याच पद्धतीने, हवेच्या थरांचा रोध धरून गणित केले. उघडे टिन: सुमारे ४.८. चार इंची स्लॅब: सुमारे ३.७. पुन्हा करून पाहिले. तेच. घरादाराने ज्याची आस धरली होती तो स्लॅब या मापात टिनाहून थोडाच बरा निघाला. वर आणखी त्याची खोड अशी, की दुपारचे ऊन तो अडीच-तीन तासांत आत घेतो आणि रात्री उशिरापर्यंत खाली सोडत बसतो. टिन निदान रात्री तरी झोपू देते. ज्यांच्या घरी वरचा मजला स्लॅबचा आहे त्या वाचकांना हे सांगायला नकोच. मे महिन्यात रात्री अकरा वाजता छताला हात लावून पाहिला असेल.

मग सहज म्हणून धाब्याचे गणित मांडले. एक फूट माती, एक इंच सागवान. उत्तर आले १.०४.

मी चष्मा पुसला. माजघराचे धाबे, ज्याला आम्ही सगळे कालबाह्य म्हणत होतो, ते २०१८ च्या संहितेत उत्तीर्ण होत होते. मातीच्या ओलीनुसार आकडा थोडा खालीवर होईल, हे कबूल. पण तीन छपरांत पास झालेले ते एकच. गंमत म्हणजे आपल्या जुन्या मानकांना ही जाण होती. १९६६ साली निघालेली आणि १९७८ साली सुधारलेली घरांच्या उष्णता-निवारणाची एक भारतीय मार्गदर्शिका आहे. तिच्यात नुसती किती उष्णता आत येते एवढेच पाहिलेले नाही, तर बाहेरच्या तापमानाचा चढउतार आत किती दबून पोचतो तेही पाहिले आहे. आणि उत्तरेकडे स्लॅबवर मातीचा थर व त्यावर विटा घालतात, त्या 'मड फुस्का' गच्चीसाठी तर स्वतंत्र मानकच आहे. नव्या संहितेने छपराच्या बाबतीत हा दबण्याचा गुण हिशेबात घेतला नाही, एवढी माझी तिच्याबद्दल तक्रार.

त्याच रात्री मोठीआईच्या नातवाचा इंग्लंडमधून फोन आला. त्याने तिकडे १९३० सालच्या सुमाराचे एक घर घेतले आहे आणि नुकतीच त्याची कौले बदलली. तो म्हणाला, "काका, इथे निम्म्याहून जास्त छप्पर उघडलं, की उष्णतारोधक थर वाढवावाच लागतो. तसा नियमच आहे. घर जुनं असलं तरी सुटका नाही. फक्त वारसा म्हणून नोंदलेल्या इमारतींना, त्यांचं रूप बिघडत असेल तर सवलत." तिकडचा आकडा ०.१६. आपल्या १.२ पेक्षा कितीतरी कडक, कारण त्यांना आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, आपल्याला बाहेरचे ऊन आत येऊ द्यायचे नाही. काम एकच, दिशा उलटी. पोटमाळ्यावर काय घातले म्हणून विचारले, तर म्हणाला, काचतंतूंची लोकर, जवळजवळ अकरा इंच.

मोठीआई ऐकत होती. "किती म्हने?"

"अकरा इंच, मोठीआई. फूटभरच म्हण."

"फूटभर!" ती उठून बसली. "म्हंजे त्यायनं लोकरीचं धाबंच टाकलं म्हना की!"

आम्ही सगळे हसलो, पण माझ्या डोक्यातला गुंता तिथे सुटला. धाब्यात माती महत्त्वाची नव्हती. मातीत अडकलेला तो रोध महत्त्वाचा होता, आणि तो आता हलक्या वस्तूतूनही मिळतो. वही पुन्हा उघडली. पत्र्याखाली दोन इंच दगडी लोकर घातली, तर आकडा ०.७ च्या जवळ येतो. वजन मातीच्या मानाने काहीच नाही. ही दगडी लोकर, तिला बाजारात रॉकवूल म्हणतात, बेसाल्टसारखा खडक वितळवून, त्याचे साखरेच्या म्हातारीच्या केसांसारखे तंतू काढून बनवतात. बेसाल्ट म्हणजे आपलाच काळा पाषाण. सगळा वऱ्हाड त्याच्यावरच बसला आहे. थर्मोकोल त्याहून स्वस्त, आणि एक इंच थर्मोकोल फूटभर मातीइतकी उष्णता अडवतो, पण तो ज्वालाग्राही. ज्या घरात देवापुढे दिवा आणि मागे चूल, तिथे मला तो नको वाटला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. साठीचे, डोक्याला गमछा, बोलणे कमी. त्यांनी सांधा नखाने खरवडून पाहिला, खांबावर मुठीने ठोकून पाहिले.

"भाऊ, ह्या भिती मातीच्या जुडाईच्या हायेत. त्या नुसता आडोसा. वजन सारं खांबायवर. स्लॅब टाकाचा तं खालून कॉलम उभे करा लागते, म्हंजे घर पाडा लागते. पाडाचं का?"

चुलतभाऊ गप्प झाला. घर पाडायचे म्हणजे निदान वर्षभर मोठीआईने जायचे कुठे, हा प्रश्न त्याच्याही तोंडावर दिसला.

"कवेलू टाकले तर?" मी विचारले. इंग्रजी कवेलू, म्हणजे १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला ज्यांचा कारखाना काढला ती कौले, माझी फार आवडती. त्यांच्या फटींतून घर श्वास घेते.

"वांदरं," मिस्त्री एवढेच म्हणाले.

ज्यांनी वऱ्हाडात वानरांची टोळी छपरावरून जाताना पाहिली आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको. आपण ओसरीत चहा घेत असतो, आणि वीसबावीस वानरे या आड्यावरून त्या आड्यावर उड्या घेत निघून जातात. मागे राहतो फुटक्या कवेलूंचा सडा. टिनाने कवेलूंना हरवले त्यात उन्हातान्हाचा संबंध नाही. हा वानरांचा विजय आहे.

म्हणून शेवटी टिनच ठरले, पण जोडीला बरेच काही. गंजलेले पत्रे काढून पांढऱ्या रंगाचे नवे. गंजका पत्रा ऊन पितो, पांढरा बरेचसे परत पाठवतो. पत्र्याखाली तीन इंच मोकळी हवा, आणि ती तापलेली हवा निघून जायला आड्यापाशी लांबट फट, तिला जाळी. त्याखाली चंदेरी कागद लावलेली दोन इंच दगडी लोकर. आणि सगळ्यांत खाली बुरडाकडून विणून घेतलेल्या बांबूच्या तट्ट्या, कारण मोठीआईला वर पाहिल्यावर चकाकणारे काही नको होते. मिस्त्रींनी असले काम पूर्वी केले नव्हते. त्यांनी माझी वही पाहिली, लोकरीचा तुकडा हातावर तोलला, त्याच्यावर काडी पेटवून धरली. ती जळली नाही हे पाहिल्यावर म्हणाले, "ठीक हाय." हातमोजे मात्र आग्रहाने घालायला लावावे लागले, त्या तंतूंनी अंगाला खाज सुटते, आणि कापताना नाकातोंडाला फडके हवेच.

राहिले माजघर. तिथे चुलतभावाचे आणि माझे खरे भांडण झाले. तो म्हणे, तेही उतरवून एकसारखे करून टाकू. मोठेबाबांची राहिलेली इच्छा होती. मी म्हणे, तीस वर्षांवर आपली आई दुपारी ज्याच्या आसऱ्याला जाते ते छप्पर तू पाडणार? आवाज चढले. त्यात त्याची बाजू खोटी नव्हती. किल्लारीची भीती त्याच्या वडिलांनी त्याच्या हाती दिली होती, आणि माजघरात झोपणारी माणसे त्याची होती, माझी नव्हती. मी दोन दिवसांनी पुण्याला जाणार.

तोड निघाली ती किल्लारीनंतरच्याच शहाणपणातून. भूकंपानंतर अशा घरांच्या मजबुतीचे जे उपाय सांगितले गेले, त्यांत माळवद पाडाच असे नव्हते. मातीचा थर वीस सेंटीमीटरवर आणावा, मध्ये प्लास्टिकचा कागद घालावा म्हणजे गळतीच्या भीतीने दरवर्षी माती चढवावी लागत नाही, आणि खांब व तुळया यांच्या कोपऱ्यांत लाकडाचे तिरपे टेकू मारून सांधे आवळावेत. माजघराची माती मोजली, तर दरवर्षीच्या भरीने कुठे कुठे दीड फूट झालेली! म्हणजे वजन मोठेबाबांच्या भीतीपेक्षाही जास्त होते आणि आम्ही खाली निवांत पापड लाटत होतो. दोन दिवस टोपल्यांनी माती खाली आली. आठ इंच ठेवली. या मापाला माझ्या वहीतला आकडा १.३ येतो, म्हणजे संहितेत थोडक्यात नापास. मी ते घरात कोणाला सांगितले नाही.

उतरलेली माती अंगणात ढिगाने पडली होती. मोठीआई संध्याकाळी तिथे जाऊन बसली. मुठीत घेतली, चुरली. "हे तुह्या आजानं गाडीनं आनली होती पांढरीतून," म्हणाली. तिने त्यातली दोन टोपल्या तुळशीपाशी नेऊन टाकायला लावली, आणि बाकीच्या मातीचे काय करायचे ते तुम्ही पहा, म्हणाली.

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. मी राहिलो. पत्रे चढले, लोकर चढली, तट्ट्या लागल्या. पहिल्या दुपारी मोठीआईला तिच्या खोलीत नेले. ती पलंगावर बसली, वर पाहिले, काही बोलली नाही. दोन वाजता मी हळूच डोकावलो, तर पलंग रिकामा. माझ्या पोटात धस्स झाले. माजघरात गेलो, तिथेही नाही. ती परत येताना दिसली; पाणी प्यायला गेली होती. "काय पाहून राहिला?" म्हणाली, आणि पुन्हा जाऊन पलंगावर आडवी झाली. मी स्टूल आणून तट्टीला हात लावला. गार नव्हती, गार कशी असेल? बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश होते. पण तळहात जितका वेळ ठेवावा तितका ठेवता येत होता. चुलतभाऊ दारात उभा राहून पाहत होता. नंतर स्टुलावर चढून त्यानेही हात लावला.

मी निघायच्या आदल्या रात्री मृगाचा पहिला पाऊस आला. वीज गेली होती. मी ओसरीत जागा होतो; अंगणात मातीच्या ढिगाचा वास उठला, पन्हळीतून धार लागली. थोड्या वेळाने मोठीआई कंदील घेऊन बाहेर आली आणि उंबरठ्यातच थबकली.

"पानी येऊन राहिलं?" तिने विचारले. "कधीपासून?"

"झाला अर्धा तास."

तीस वर्षे टिनाखाली काढलेल्या बाईला पावसाचा पहिला थेंबही झोपेतून उठवी. असा कडकडाट होई, की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. ती काही वेळ तशीच उभी राहून वर पाहत राहिली. मग कंदील खाली ठेवून म्हणाली, "आता मले वाळवनं आत घ्याले उठवाचं कोनं?"

चुलतभाऊ आतून हातात सूप घेऊन धावत आला. कुरड्या बाहेरच राहिल्या होत्या.